जमीन शहराच्या हाती येते तेव्हा

शहराच्या प्रगतीचा इतिहास सांगताना आपण इमारती आणि रस्ते मोजतो. परंतु त्यांच्या पायाखालची जमीन मुळात कोणाची होती आणि ती शहराकडे कशी आली, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. मुंबईच्या इतिहासात या प्रश्नाचे मोठे बोधप्रद उत्तर सापडते.

१८९६ साली मांडवी भागात एका विचित्र तापाने माणसे दगावू लागली. मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा प्लेग असल्याचे निदान केले. भयभीत होऊन लाखो लोक मुंबई सोडून गेले. कोंदट चाळी, अरुंद गल्ल्या आणि तुंबलेली गटारे यांकडे आता डोळेझाक करणे शक्य नव्हते. सरकारने १८९८ मध्ये कायदा करून ‘इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन केला. शहरातील सरकारच्या आणि नगरपालिकेच्या अनेक मोकळ्या जमिनी त्याच्याकडे सोपवण्यात आल्या आणि खासगी जमीन संपादण्याचा अधिकारही त्याला मिळाला. जमिनीचे भूखंड पाडावेत, ते दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यावेत आणि त्या उत्पन्नाच्या बळावर पुढील कामे हाती घ्यावीत, अशी ही व्यवस्था होती.

तिची फळे आजही दिसतात. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड यांनी दाट वस्तीत वारा आणला. कुलाब्याच्या किनाऱ्यावर भर घालून कफ परेड उभी राहिली. दादर-माटुंग्याच्या शेतजमिनींवर रुंद रस्त्यांच्या, बागांच्या आखीव वसाहती वसल्या.

या चित्राला दुसरीही बाजू आहे. नागपाड्यासारख्या भागांत जुनी घरे पाडली गेली. पण तेथून उठवलेल्या सर्वच गरिबांना नवी घरे मिळाली नाहीत. कामाच्या जागेपासून दूर जाणे परवडत नसल्याने अनेकांनी शेजारच्या वस्त्यांचा आसरा घेतला आणि तेथील गर्दी आणखी वाढली. शिवाय, जमीन शहरासाठी दिली गेली असली, तरी ती थेट नगरपालिकेच्या हाती दिलेली नव्हती. ट्रस्टचा अध्यक्ष सरकारनियुक्त असे. तो ट्रस्ट १९३३ साली महापालिकेत विलीन झाला. जमिनीचा कारभार लोकनियुक्त संस्थेकडे येण्यास अशी ३५ वर्षे लागली.

सरकारी जमीन शहराला देणे ही केवळ कागदोपत्री घडणारी घटना नाही, हेच या इतिहासाचे सार आहे. त्या जमिनीवर कोणाला घर मिळाले, कोणाचे घर गेले आणि मुलांना खेळण्यासाठी किती जागा राखली गेली, यांवरच तिचे मोल ठरते. इमारत पुन्हा बांधता येते. एकदा गमावलेले मैदान मात्र सहसा परत मिळत नाही. शाळेच्या मैदानावर ज्यांचे बालपण घडले, त्यांना हे वेगळे सांगायला नको.