सॅन फ्रान्सिस्कोचा वालुकाश्म

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को शहराच्या ईशान्य भागातील टेलिग्राफ, नॉब व रशियन या टेकड्यांचा आणि उपसागरातील अल्काट्राझ बेटाचा पायाखडक. तो ग्रेवॅक प्रकारचा असून फ्रान्सिस्कन खडकसंघात मोडतो. क्रिटेशस कल्पात, सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी, महासागरी भूपट्ट खंडाखाली सरकत असताना खोल सागरी गर्तेत गढूळ पाण्याचे लोंढे उतरत आणि गाळाचे थरावर थर साचत. टेलिग्राफ टेकडीच्या उभ्या कड्यात ही घडण स्पष्ट दिसते : जाड वालुकाश्म, मध्ये शेलचे पातळ पट्टे, थराच्या तळाशी भरड कण आणि वर बारीक. कण कोनदार आहेत; गाळ फारसा घासला न जाता गर्तेत पोचल्याची ही उत्तम खूण. ताजा दगड करडा, हवा-पाण्याने झिजलेला तपकिरी.

जहाजांच्या नीरमासाठी व बांधकामासाठी टेलिग्राफ टेकडी बेसुमार पोखरली गेली. तिच्या कड्यांवरून आजही दरडी कोसळतात. शहरातील ट्विन पीक्स या टेकड्यांवर मात्र चर्ट व बेसाल्ट आढळतात, तर शहराच्या पश्चिमेकडील खडक बव्हंशी वाळूखाली झाकलेला आहे. १९०६ च्या भूकंपात या वालुकाश्मावरील वस्तीला भराव जमिनीच्या मानाने कमी हादरे बसले. भूवैज्ञानिक अँड्र्यू लॉसन यांच्या अध्यक्षतेखालील भूकंप चौकशी आयोगाच्या १९०८ च्या अहवालात हा फरक नोंदलेला आहे.