नशा : वस्त्यांमधील लोकदृष्टी (छत्रपती संभाजीनगर)

छत्रपती संभाजीनगरातील (पूर्वीचे औरंगाबाद) मुकुंदवाडी, किराडपुरा, नारेगाव, मिसारवाडी अशा कष्टकरी वस्त्यांत दारू आणि गोळ्यांची नशा एकाच मापाने मोजली जात नाही. दारू जुनी आहे; पिणारा मजुरी घरी देतो की नाही, मारझोड करतो की नाही, यावर त्याच्याविषयीचे मत ठरते. इस्लाममध्ये मद्य निषिद्ध आहे आणि ऑक्टोबर 1956 मध्ये डॉ. आंबेडकरांनी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. त्यामुळे मुस्लिम व बौद्ध वस्त्यांत पिणारे असले, तरी पिण्याचे उघड समर्थन सहसा होत नाही.

‘बटन’ची धास्ती वेगळी आहे. झोपेसाठी किंवा चिंताविकारावर दिल्या जाणाऱ्या नायट्राझेपाम, अल्प्राझोलाम यांसारख्या गोळ्या नशेसाठी खाल्ल्या जातात, तेव्हा त्यांना शहरात हे नाव आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्या विकता येत नाहीत आणि औषध दुकानदाराला विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवावी लागते, तरीही त्या चोरट्या मार्गाने मिळतात. बाप पिऊन आला की वासावरून दारातच कळते. गोळीला वास नसतो, म्हणून मुलाची पँट धुवायला टाकण्याआधी आई खिशात गोळ्यांचे रिकामे पाकीट चाचपते.

दारूविरुद्ध स्त्रियांच्या हाती एक कायदेशीर साधन आहे. राज्य शासनाच्या 2008 च्या आदेशानुसार गावातील वा प्रभागातील किमान 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केल्यास गुप्त मतदान घेतले जाते, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्यांहून अधिक जणींनी ‘आडव्या बाटली’ला, म्हणजे बंदीला, मत दिल्यास परवानाधारक दुकान बंद होते. मोजणी एकूण मतदारांवर होत असल्याने, रोजंदारी बुडेल म्हणून जी बाई येऊ शकत नाही तिचे न पडलेले मत दुकानाच्याच पथ्यावर पडते. कष्टकरी वस्तीवर हा नियम अन्याय करतो. हातभट्टी आणि बटन यांना तर परवानाच नसल्यामुळे हे साधन तेथे निरुपयोगी ठरते.

उरते ती पोलिसांकडील तक्रार, आणि तेथे गल्ली गप्प होते. या मौनाला संमती समजणे चुकीचे आहे : विकणारा शेजारचा असतो, तक्रारदाराचे नाव फुटण्याची भीती असते आणि खाणारा पोरगा आपलाच असतो. वास्तविक 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील कलम 64-अ नुसार, केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेल्या व्यसनीने स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतले, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार अर्धवट सोडल्यास मात्र ते काढून घेता येते.