आडव्या करवतीची धार : एका हस्तविद्येचा इतिहास

अमेरिकेच्या जंगलतोडीच्या इतिहासात करवतीचा उल्लेख वारंवार येतो. ती धारेवर ठेवणाऱ्या कारागिराचा मात्र क्वचित. सुमारे १८८० पर्यंत तेथे उभे झाड बहुधा कुऱ्हाडीनेच पाडीत. पुढे दोघांनी ओढावयाची लांब करवत त्या कामी रूढ झाली. तिचे कापणारे दाते लाकडाचे तंतू दोन्ही कडांनी छेदीत, आणि मधले दाते छेदलेला भाग खरवडून बाहेर काढीत. या मधल्या दात्यास इंग्रजीत ‘रेकर’, म्हणजे दंताळ्याप्रमाणे ओढणारा, असे नाव पडले. मराठी ‘दंताळे’ या शब्दातही दातच आहे, हे जाता जाता नोंदविण्याजोगे.

खरे कसब या दोन दात्यांच्या उंचीतील फरकात होते. प्रथम सर्व टोके कानशीने एका पातळीत आणावयाची. मग रेकर इंचाच्या काही हजारांश भागांइतके खाली घ्यावयाचे. अखेरीस कापणाऱ्या दात्यांस धार देऊन ते आळीपाळीने डावी-उजवीकडे किंचित वाकवावयाचे. रेकर उंच राहिल्यास लाकडाच्या सालपटांना केसांसारखे तंतू लोंबत. कारागीर सालपट पाहूनच दोष ओळखी. असले ज्ञान कागदावर यावयाचे कारण नव्हते. ते उस्तादाच्या शेजारी उभे राहूनच मिळे.

दुसऱ्या महायुद्धानंतर यांत्रिक करवतीचा प्रसार झाला आणि ही परंपरा खंडित होऊ लागली. परंतु १९६४ च्या वाइल्डरनेस कायद्याने संरक्षित अरण्यांत मोटारयंत्रांवर सामान्यतः बंदी आली. वाटेवर कोसळलेली झाडे हटविण्यास जुनीच करवत हवी होती, आणि तिला धार लावणारे हात विरळ झाले होते. १९७७ साली तेथील वनखात्याने वॉरेन मिलर यांची या विषयावरील पुस्तिका छापली.