वाचना ते यंत्रवाचन : पुणे-मावळ परिसरातील सामूहिक ग्रंथशोधनाचा मागोवा

पुण्याहून मुंबईकडे जाणारा लोहमार्ग पिंपरी, चिंचवड, आकुर्डी ही कारखान्यांची वस्ती ओलांडून मावळात शिरतो. पुढे कामशेतच्या परिसरात पाले गावच्या डोंगरात एक लहानसे लेणे आहे. त्याच्या भिंतीवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत कोरलेला एक त्रोटक लेख आहे. अरहंतांना वंदन करून त्याचा आरंभ होतो आणि इंदरखित नावाच्या भदंताने हे लेणे व पाण्याची पोढी करविल्याची नोंद त्यात येते. डॉ. ह. धी. सांकळिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी या लेखाचे वाचन प्रसिद्ध केले, तेव्हा महाराष्ट्रातील जैन परंपरेचा एक अतिप्राचीन पुरावा अभ्यासकांपुढे आला. सुमारे दोन सहस्र वर्षे अक्षरे जागच्या जागी होती. ती जाणणारे डोळे तेवढे उरले नव्हते. अक्षरे टिकवणे हे एक कार्य आणि ती वाचती ठेवणे हे दुसरे, याची जाणीव हे लेणे करून देते.

वाचनेची जुनी रीत

हे दुसरे कार्य एकट्यादुकट्याचे नव्हे, हे जैन संघाने फार पूर्वी ओळखले होते. श्वेतांबर परंपरेनुसार दुष्काळांमुळे श्रुतधर मुनींची संख्या घटली, तेव्हा पाटलीपुत्र, मथुरा व वलभी येथे मुनिसंघ एकत्र जमले. ज्याला जे स्मरत होते ते त्याने म्हणावे, इतरांनी ताडून पाहावे आणि सर्वमान्य पाठ सिद्ध करावा, अशी ती रीत होती. तिला 'वाचना' म्हणतात. वीरनिर्वाणानंतर ९८० व्या (मतांतराने ९९३ व्या) वर्षी देवर्धिगणी क्षमाश्रमण यांच्या नेतृत्वाखाली वलभी येथे आगम ग्रंथारूढ झाले. दिगंबर परंपरेतही आचार्य धरसेनांनी आपले ज्ञान पुष्पदंत व भूतबली या दोन शिष्यांना दिले आणि त्यातून षट्खंडागम लिहिला गेला. दोन्ही कथांतील चिंता एकच आहे : जाणकार कमी होत आहेत, तेव्हा विलंब नको.

आज संगणकाच्या क्षेत्रात 'हॅकेथॉन' नावाचा उपक्रम रूढ झाला आहे. 'हॅक' या शब्दाने चोरीची शंका येते. परंतु येथे त्याचा अर्थ युक्तीने वाट काढणे एवढाच आहे आणि शब्दाचा उत्तरार्ध मॅरेथॉन शर्यतीवरून आला आहे. निरनिराळ्या विषयांचे जाणकार एक-दोन दिवस एकत्र बसतात आणि ठरावीक प्रश्नावर चालती-बोलती उकल तयार करतात. १९९९ साली कॅनडातील कॅलगरी येथे जमलेल्या आज्ञावलीकारांच्या बैठकीपासून हा शब्द प्रचारात आला. २०१४ साली जर्मनीत 'कोडिंग दा विंची' हा उपक्रम सुरू झाला. त्यात संग्रहालये व ग्रंथालयांनी आपल्या संग्रहांची माहिती खुली केली आणि तरुण संगणकतज्ज्ञांनी तिच्यावर काम केले. भारतात २०१७ पासून 'स्मार्ट इंडिया हॅकेथॉन' भरू लागले. त्याच्या पहिल्या अंतिम फेरीत विद्यार्थ्यांनी सलग ३६ तास काम केले. साधने नवी आहेत, परंतु एकत्र बसून पाठ सिद्ध करण्याची रीत जुनीच आहे. पुणे परिसरात तर तिची अखंड मालिकाच सापडते.

रुमाल, कोष्टके आणि चिठ्ठ्या

बडोदे संस्थानच्या सेवेतून निवृत्त झाल्यावर रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई कामशेतला येऊन राहिले. पुण्यातील पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल सोडून, मोडी कागद वाचून त्यांतील निवडक पत्रे प्रसिद्ध करण्याचे काम त्यांच्याकडे आले. मदतनिसांच्या साहाय्याने त्यांनी १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड सिद्ध केले. कलकत्त्याचे इतिहासकार जदुनाथ सरकार या कामी त्यांचे सहकारी व मार्गदर्शक होते. तरीही दफ्तरातील छापला गेलेला भाग अल्पच राहिला.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा आरंभ झाला. १९२५ पासून डॉ. वि. स. सुखटणकर यांनी तिला शास्त्रीय शिस्त लावली. १,२५९ हस्तलिखितांचा शोध घेण्यात आला. श्लोकातील अक्षरे कोष्टकाच्या घरांत मांडायची आणि प्रत्येक पोथीतील पाठभेद त्या त्या अक्षराखाली नोंदवायचा, अशी पद्धत होती. पुण्याखेरीज शांतिनिकेतन व तंजावर येथेही पाठ ताडण्याची केंद्रे चालत. १९६६ साली हे कार्य पूर्ण झाले. पुढे क्योटो विद्यापीठाचे मुनेओ तोकुनागा यांनी ती संहिता संगणकात भरली आणि केंब्रिजचे जॉन स्मिथ यांनी ती तपासून सुधारली. घराघरांत अक्षर मांडून ठेवण्याच्या त्या जुन्या शिस्तीमुळे ग्रंथ यंत्राच्या हाती जाण्यास जणू आधीच सिद्ध होता.

आकुर्डीच्या कारखानदारीचा या मालिकेशी थेट संबंध येतो तो प्राकृत कोशामुळे. बजाज टेम्पो (आजची फोर्स मोटर्स) या उद्योगाचे संस्थापक नवलमल फिरोदिया हे अहमदनगरचे जैन गृहस्थ, स्वातंत्र्यसैनिक आणि उद्योजक. आगमांच्या भाषेचा सर्वांगीण कोश नाही, ही उणीव त्यांना जाणवली. त्यांच्या पाठबळाने जैन साहित्यावर विशेष भर देणारा प्राकृत भाषांचा बृहद्कोश पुण्यात हाती घेण्यात आला. डॉ. अमृत माधव घाटगे हे त्याचे प्रधान संपादक. डेक्कन कॉलेजच्या संस्कृत महाकोशाचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. अर्धमागधी, जैन माहाराष्ट्री, शौरसेनी, अपभ्रंश अशा ग्रंथांतून शब्द निवडायचा, संदर्भासह चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठ्या वर्णानुक्रमाने लावायच्या आणि मग अर्थ ठरवायचा, अशी ही कामाची रीत. २००३ साली डॉ. घाटगे यांचे निधन झाले. कोशाचे काम त्यांच्या मागेही चालू राहिले. चारचाकी वाहन जोडणाऱ्या कारखान्याच्या मिळकतीतून शब्दांचा कोश उभा राहावा, ही या औद्योगिक पट्ट्याच्या इतिहासातील विशेष अभिमानाची गोष्ट होय.

यंत्राला अक्षरओळख

कागदावरील अक्षर यंत्रात आणायचे, तर आधी यंत्राला भारतीय लिपी कळावी लागते. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने त्या दिशेने मूलभूत काम केले. १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' ही मानक संकेतप्रणाली ठरली आणि पुढे जगभर युनिकोडचा स्वीकार झाला. फेब्रुवारी २०१२ मध्ये पुण्यात विकिमीडियाचे हॅकेथॉन भरले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रेड हॅट कंपनीच्या पुण्यातील कार्यालयात मुक्त आज्ञावलींच्या भाषातज्ज्ञांची परिषद झाली. टंकलेखनाची सोय, अक्षरसंच, भाषांतराची साधने असे वरकरणी रुक्ष वाटणारे विषय तेथे होते. परंतु त्यांवाचून मराठी ग्रंथ संगणकावर सुखाने वाचता येणे शक्य नव्हते. २०१४ साली मोडी लिपीलाही युनिकोडमध्ये स्थान मिळाले.

मे २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, भारतीय भाषांतील विकिस्रोत प्रकल्पांसाठी मुद्रितशोधनाची स्पर्धा झाली आणि लोकांनी घरी बसून जुन्या ग्रंथांची पाने तपासली. तेथील नियम लक्षणीय आहे. यंत्राने वाचलेले पान एकाने मूळ चित्राशी ताडून दुरुस्त करायचे आणि दुसऱ्याने ते पुन्हा तपासल्यावरच प्रमाणित मानायचे. एकाच्या स्मरणावर विसंबू नये, हे वाचनेचे तत्त्वच येथे नव्या रूपात अवतरले आहे.

अलीकडचे महत्त्वाचे पाऊल २०२५ सालचे आहे. आयआयटी रुरकीच्या नेतृत्वाखाली आणि पुण्यातील सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ व विश्वकर्मा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी यांच्या सहभागाने मोडीचे देवनागरीत लिप्यंतर करणारी 'मॉस्कनेट' ही प्रणाली जाहीर झाली. तिच्या शिक्षणासाठी शिवकालीन, पेशवेकालीन व आंग्लकालीन मोडी लेखनाची २,०४३ चित्रे आणि प्रत्येकाचे देवनागरी वाचन असा संग्रह तयार करण्यात आला. यंत्राला मोडी उपजत येत नाही. जाणकार माणसाने वाचून दिलेली उदाहरणे पाहूनच ते शिकते. म्हणजे यंत्र चालते तेही मोडी जाणणाऱ्यांच्या पुण्याईवर. २०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी राज्यभर जुने अभिलेख तपासले जाऊ लागले, तेव्हा मोडी वाचकांची टंचाई किती आहे हे सर्वांच्या प्रत्ययास आले. मोडीचा प्रश्न केवळ अभ्यासकांचा नाही. कुटुंबांचे हक्क त्यात गुंतले आहेत.

पोथीतील काना आणि पडिमात्रा

जैन हस्तलिखितांच्या बाबतीत हे काम अधिक नाजूक आहे. जुन्या जैन नागरीत 'ए'ची मात्रा अक्षराच्या डोक्यावर न देता त्याच्या डावीकडे उभ्या दंडाने देण्याची चाल होती. तिला पडिमात्रा म्हणतात. आधुनिक छपाई पाहून शिकलेले यंत्र हा दंड मागील अक्षराचा काना समजते आणि दोन्ही अक्षरे बिघडतात. शिवाय जुन्या लेखनात शब्द तोडलेले नसतात. चुकलेले वाचन पुष्कळदा अर्थपूर्ण शब्दासारखे दिसते, त्यामुळे प्राकृत न जाणणाऱ्याच्या ध्यानात ते येतही नाही. आगमपाठात असे एक अक्षर चुकले आणि तेच जगभर पसरले, तर ते मागे कसे घ्यावे? म्हणून संगणकतज्ज्ञाच्या शेजारी प्राकृत जाणणारा बसला पाहिजे आणि यंत्राने दिलेल्या प्रत्येक पाठासोबत मूळ पानाचे चित्र राहिले पाहिजे.

दुसरा प्रश्न आहे संग्रह खुले करण्याचा. ज्ञानभांडारांनी शतकानुशतके पोथ्या कडेकोट राखल्या, म्हणूनच त्या आज आहेत. परंतु एकुलत्या प्रतीचे भय निराळे असते. ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर संस्थेवर हल्ला होऊन तेथील ग्रंथ व वस्तूंची हानी झाली. आग, पूर, वाळवी यांचे भय तर नित्याचेच. काय खुले करावे आणि काय राखावे, हा निर्णय त्या त्या संघाचाच असावा. मात्र निर्णय लांबणीवर टाकणे हाही एक निर्णयच ठरतो आणि त्याची किंमत पोथी मोजते.

नव्या वाचनेची गरज

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि पिंपरी, चिंचवड, भोसरी व पुढे चाकणच्या माळांवर कारखाने उभे राहिले. जुने वाडे गेले, सदनिका आल्या आणि माळ्यावरच्या पेट्यांना जागा उरली नाही. व्यापारी घराण्यांच्या चोपड्या, जमिनीची मोडी खरेदीखते, आजोबांच्या हातची स्तवनांची वही अशा गोष्टी रद्दीत जाण्यास एक घरबदल पुरतो. याच पट्ट्यात संगणक जाणणारे सहस्रावधी तरुणही राहतात. एका बाजूला पेटी आणि दुसऱ्या बाजूला कौशल्य असताना त्यांची गाठ पडू नये, हे नवल होय.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठी व प्राकृत या दोन्ही भाषांना अभिजात दर्जा देण्याचा निर्णय घेतला. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात 'ज्ञान भारतम्' मोहिमेद्वारे एक कोटीहून अधिक हस्तलिखितांच्या जतनाचा संकल्प जाहीर झाला. या मोठ्या घोषणांना गावोगावच्या लहान बैठकांची जोड मिळाली, तरच त्या फळास येतील. ज्ञानपंचमीला पोथ्या बाहेर काढून, धूळ झटकून, नवी वेष्टने चढवून त्यांचे पूजन करण्याची प्रथा आहे. त्याच दिवशी प्रत्येक पानाचे चित्र घेतले, पोथी कोणाची व कोठली हे लिहून ठेवले आणि वाचू शकणाऱ्या वडीलधाऱ्यांकडून चार पाने तरुणांनी वाचून घेतली, तर त्या बैठकीला वाचना म्हणावे की हॅकेथॉन, हा भेद उरणार नाही. पाल्याच्या लेखाला वाचक मिळण्यास दोन हजार वर्षे लागली. कागदाचे आयुष्य तितके नसते.