साप्ताहिकापासून विधान परिषदेपर्यंत



चहाच्या हॉटेलात आपण ज्या वर्तमानपत्राची पाने वाटून घेऊन वाचतो, त्या 'लोकमत'चा उगम मुंबई-पुण्यात नव्हे, तर यवतमाळसारख्या लहान शहरात झाला, हे आपणांस ठाऊक आहे काय?

त्याचे संस्थापक जवाहरलाल दर्डा यांचा जन्म 2 जुलै 1923 रोजी यवतमाळ जिल्ह्यातील बाभूळगाव येथे झाला. 1942 च्या 'चले जाव' आंदोलनात त्यांनी तुरुंगवास भोगला. पूर्वी लोकनायक बापूजी अणे यांच्या काळात यवतमाळातून 'लोकमत' नावाचे पत्र निघत असे. तेच नाव घेऊन दर्डांनी 1950 च्या दशकात साप्ताहिक चालविले. 15 डिसेंबर 1971 रोजी नागपुरात त्याचे दैनिक झाले. 1982 मध्ये औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथून आवृत्ती निघाली. त्याच वर्षी आपला लातूर जिल्हा उस्मानाबादपासून वेगळा झाला.

पुढे दर्डा विधान परिषदेचे सदस्य झाले. राज्य मंत्रिमंडळात त्यांनी उद्योग, ऊर्जा यांसारखी खाती सांभाळली. 25 नोव्हेंबर 1997 रोजी त्यांचे निधन झाले.

ते संख्येने अल्प अशा जैन समाजातील होते. परंतु त्यांचे वाचक सर्व समाजांतील होते. आपण थोडे आहोत, आपले कोण ऐकणार, असे म्हणून मुलांना शाळेतून काढणाऱ्या पालकांनी याचा जरूर विचार करावा. लेखणी धरणाऱ्याला कोणी संख्या विचारीत नाही.

मात्र इतिहास म्हणजे केवळ गौरव नव्हे. पत्राचा मालकच मंत्री झाला, तर सरकारची चूक त्या पत्राने कशी दाखवावी? हा प्रश्न एकट्या दर्डांपुरता नाही. छापखाना आणि सत्ता एका घरात आली की तो उभा राहतोच. त्याचे उत्तर शेवटी वाचकापाशी असते. एकच बातमी दोन पत्रांत वाचा, कोण काय गाळतो ते पाहा आणि मगच मत बनवा.

आपल्या धर्मातील पहिला आदेशच वाचनाचा आहे. तेव्हा पालकहो, घरी रोज एक वर्तमानपत्र येऊ द्या आणि ते मुलाइतकेच मुलीच्याही हाती द्या. उद्याचा संपादक वा आमदार कदाचित आपल्याच घरात वाचत बसला असेल!