दोन मिनिटांच्या आधीची सोय : पेणचे पोहे आणि आपले स्वयंपाकघर



हल्ली रोज कुठून ना कुठून एखादी ‘झटपट’ पाककृती मोबाईलवर येऊन पडते. बिस्किटांचा चुरा, दूध आणि फ्रूट सॉल्ट कालवून केलेला केक. तयार नूडल्सवर फरसाण आणि चीज किसून केलेली ‘भेळ’. ब्रेडच्या कडा काढायच्या, आत जॅम भरायचा, तळायचे, वर साखरेचा पाक ओतायचा आणि त्याला गुलाबजाम म्हणायचे! बघूनच जेवण नकोसे होते. पण नाक मुरडून मोकळे होण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा. असे पदार्थ जन्माला आले कुठून? ते कोणाच्या सोयीसाठी होते? आणि आपल्या आज्या-पणज्यांकडे ‘झटपट’ काही नव्हतेच का?

या डब्याबंद सोयीची सुरुवात सैन्यातून झाली. फ्रान्सच्या सरकारला फौजेसाठी टिकाऊ अन्न हवे होते. निकोला ॲपेर नावाच्या हलवायाने काचेच्या बाटल्यांत अन्न बंद करून उकळण्याची रीत शोधली आणि १८१० साली त्याला १२,००० फ्रँकचे बक्षीस मिळाले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पत्र्याच्या डब्याचे पेटंट निघाले. गंमत म्हणजे डबा उघडायचे साधन यायला पुढे चाळीसेक वर्षे लागली. तोवर शिपाई छिन्नी-हातोड्याने डबे फोडत. घरातल्या बाईची सोय त्या वेळी कोणाच्या मनातही नव्हती.

ती मनात आली विक्रीच्या वेळी. अमेरिकेत १८९७ साली जेल-ओ नावाची जेलीची पूड निघाली. ती खपावी म्हणून कंपनीने पाककृतींच्या पुस्तिका घरोघर वाटल्या. १९११ साली क्रिस्को हे घट्ट केलेले वनस्पती तेल बाजारात आले. त्याच्यासोबतही कंपनीचे पाकपुस्तक आले आणि त्यात सहाशेच्या वर पाककृती होत्या. म्हणजे आधी कारखान्यात माल तयार झाला, मग तो कशात घालायचा हे बायकांना शिकवले गेले. पुढे १९५०च्या दशकात तर कहर झाला. कोबी, गाजर, ऑलिव्ह, कधी मासेसुद्धा हिरव्या-पिवळ्या जेलीत गोठवायचे आणि त्याला ‘सॅलड’ म्हणायचे. १९५५ साली एका सूप कंपनीच्या स्वयंपाकघरात डब्यातले मशरूम सूप आणि फरसबी एकत्र भाजून एक पदार्थ केला गेला. तो आजही तिकडे सणाला होतो.

आपण याला हसतो, पण त्यातली एक गोष्ट हसण्यासारखी नाही. जेली गोठते ती जिलेटिनमुळे, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून निघते. दिसायला फळांचा रंग आणि फळांचा वास. आत काय आहे ते खाणारीला कळतही नाही. पाकीटबंद अन्नाच्या इतिहासातली आपल्यासाठी सर्वांत मोठी अडचण हीच आहे. चव बेतास बात असणे एक वेळ चालेल, पण आपल्या ताटात काय आहे हेच न कळणे कसे चालेल?

आपल्या देशात ही वाट डालडाने उघडली. वर्ष होते १९३७. साजूक तूप महाग, वनस्पती तूप स्वस्त आणि दिसायला तसेच दाणेदार. पिवळ्या डब्यावर ताडाचे झाड छापलेले असे. तो डबा रिकामा झाला की त्यात तुळस लावली जाई, इतका तो घरचा झाला होता. पण १९८३ साली वनस्पती तुपात आयात केलेली जनावराची चरबी मिसळल्याचे प्रकरण देशभर गाजले, तेव्हा अनेक शाकाहारी घरांत धक्का बसला. या गोठवलेल्या तेलातल्या ट्रान्स फॅटचा हृदयाला होणारा अपाय तर नंतर कळला. आता जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे तेला-तुपात ट्रान्स फॅटची मर्यादा दोन टक्के आहे. म्हणजे जवळजवळ पंचाऐंशी वर्षे लागली.

त्याच १९८३च्या सुमारास दोन मिनिटांच्या नूडल्स भारतात आल्या. झटपट नूडल्सचा शोध जपानमधला. मोमोफुकु आंदो यांनी १९५८ साली तो लावला. महायुद्धानंतर गरम नूडल्सच्या एका वाडग्यासाठी रांगेत उभी राहिलेली माणसे त्यांनी पाहिली होती. शोधामागचा हेतू चांगलाच होता. पण आपल्याकडे त्या विकल्या गेल्या त्या आईच्या कमी वेळाच्या आणि मुलाच्या भुकेच्या नावावर. २०१५च्या जूनमध्ये शिशाच्या प्रमाणावरून त्या बाजारातून काढायला लावल्या. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली, नव्याने तपासण्या झाल्या आणि नोव्हेंबरमध्ये त्या परत आल्या. कायद्याने तो विषय संपला. आपला मात्र संपत नाही, कारण अशा बहुतेक मसाल्यांत कांद्याची पूड आणि लसणाची पूड असतेच, आणि पाकिटावर हिरवा ठिपकाही असतो.

हा हिरवा ठिपका नीट समजून घेऊ या. २००१ साली शाकाहारी-मांसाहारी खुणा पाकिटावर छापणे बंधनकारक होऊ लागले. फार मोठी गोष्ट झाली ती. पण तो ठिपका कंदमुळाचे काही सांगत नाही. पीठ कधी दळले, मिठाई कधी वळली, हेही सांगत नाही. पाकिटावर ‘नऊ महिन्यांत वापरावे’ अशी मुदत मात्र छापलेली असते.

आपल्याकडे तर ‘वापरण्याची मुदत’ पाकिटांच्या कितीतरी आधीपासून आहे! दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५ आणि थंडीत ७ दिवस मानतात. श्वेतांबर घरांत मिठाईचा काळ पावसाळ्यात १५ दिवस, उन्हाळ्यात २० आणि थंडीत ३० दिवस धरतात. आकडे वेगळे, विचार एकच. हवेत ओल वाढली की अन्नात जीवोत्पत्ती लवकर होते, म्हणून मुदत कमी. ऋतूप्रमाणे बदलणारी मुदत आजही कुठल्या पाकिटावर छापलेली दिसत नाही.

आता पेणकडे वळू या. मुंबई-गोवा रस्त्याने जाताना पेणला रामवाडीचे एस. टी. स्थानक लागते. पेण म्हटले की लोकांना गणपतीच्या मूर्ती आठवतात, आणि त्यांच्या पाठोपाठ पोहे आणि पोह्याचे पापड. हा सगळा भाताचा मुलूख. एका बाजूला खाडी, खारजमिनी आणि मिठागरे, दुसऱ्या बाजूला शेते. पेण-रोह्याकडच्या भाताचे पोहे इथल्याच गिरण्यांत होत आले.

मैत्रिणींनो, पोहे हे आपल्या भूमीचे फार जुने ‘झटपट अन्न’ आहे. संस्कृतात त्यांना पृथुक म्हणतात आणि आपला ‘पोहे’ हा शब्द त्यातूनच आला. त्यामागची युक्ती बघा. भात पाण्यात भिजवायचे, निथळून भट्टीवर भाजायचे आणि गरम असतानाच दाबून चपटे करायचे. भिजवताना आणि भाजताना दाणा आतून शिजतो. चपटा झाल्यामुळे त्याच्यात पाणी पटकन शिरते. म्हणून घरी चूल न पेटवताही पोहे खाता येतात. नूडल्सची युक्ती याच जातीची आहे. त्याही आधी वाफवतात, मग तळून वाळवतात आणि आपण घरी फक्त पाणी देतो. फरक एवढाच की पोह्यात भाताशिवाय दुसरे काही नसते.

पण जुने ते सगळे सोने असेही नव्हे. गिरण्या येण्यापूर्वी हे पोहे उखळात मुसळाने कांडावे लागत. भाजलेला दाणा गार व्हायच्या आत घाव घालायचा, एकीने घालायचा, दुसरीने हलवायचा. खांदे भरून येत. जात्यावरच्या आणि कांडणाच्या ओव्या गोड लागतात, पण त्या गाणाऱ्या बायका पहाटे अंधारात उठलेल्या असत. गिरणी आली तेव्हा कोणत्या सुनेला वाईट वाटले असेल? गिरणीसुद्धा सोयच आहे. सोय म्हणजे पाप नव्हे. त्या सोयीने अन्नाचे रूप बदलले की फक्त आपले कष्ट कमी झाले, एवढे पाहावे.

वाळवणांचेही तसेच. पापड, कुरडया, शेवया म्हणजे उन्हाळ्यात केलेले आणि वर्षभर पुरणारे तयार अन्नच. फरक असा की ते चार जणी मिळून करत आणि कोणी काय घातले ते चौघींना ठाऊक असे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी गच्चीवर ८० रुपयांच्या उसन्या भांडवलावर पापड लाटायला घेतले. त्यातून लिज्जत उभे राहिले. पेण भागातही पापड लाटणे हा कितीतरी बायकांच्या घरसंसाराचा आधार आहे. त्यामुळे ‘विकतचे’ म्हटले की लगेच वाईट म्हणू नये. विकतच्या पापडामागे बाईचे हात असतात, आणि त्यात काय घातले हे तिला विचारता येते.

आता मुख्य मुद्दा. आपल्या लेकी-सुना नोकऱ्या करतात. लोकलने नाहीतर एस. टी.ने प्रवास करून येतात. चोविहार असेल तर सूर्यास्ताच्या आत जेवण उरकायचे असते. अशा वेळी ‘आमच्या वेळी असे नव्हते’ म्हटल्याने पाकीट बंद होत नाही, फक्त ती गुपचूप फोडू लागते. पाकिटापेक्षा सोपे काही तिच्या हाताशी ठेवले तरच ते बंद होईल. म्हणून पेणच्या पोह्यांचे तीन आणि वालाचा एक प्रकार देते.

दडपे पोहे. दोन वाट्या पातळ पोहे, पाऊण वाटी ओले खोबरे, अर्धी काकडी बारीक चिरून, अर्ध्या लिंबाचा रस, मीठ, चिमूटभर साखर. सगळे हाताने हलके कालवून वरून दोन-तीन चमचे नारळाचे पाणी शिंपडायचे. दोन चमचे तेलात मोहरी, हिंग, हळद, मिरची आणि मूठभर शेंगदाणे घालून फोडणी ओतायची आणि झाकण ठेवून दहा मिनिटे दडपायचे. कांदा नाही याची आठवणही येत नाही. वरून भाजलेला पोह्याचा पापड चुरायचा. कैरीच्या दिवसांत लिंबाऐवजी कैरी.

तिथीला कोरडे पोहे. हिरवे चालत नाही त्या दिवशी पातळ पोहे मंद आचेवर कुरकुरीत भाजून घ्यायचे. फोडणीत तीळ, शेंगदाणे आणि सुक्या खोबऱ्याचे काप. मग लाल तिखट, मीठ, थोडी पिठीसाखर. पंधरा मिनिटांचे काम. ऑफिसच्या डब्यातही जातात.

गूळपोहे. दोन वाट्या पातळ पोह्यांना पाऊण वाटी किसलेला गूळ आणि अर्धी वाटी ओले खोबरे चोळायचे, वर वेलची आणि चमचाभर तूप. गॅस पेटवायचाच नाही. शाळेतून आलेल्या मुलाच्या भुकेला दोन मिनिटांच्या आत मिळणारे उत्तर हेच.

दहीपोहे करणार असाल तर एक लक्षात ठेवा. कच्च्या दह्याबरोबर डाळ आली की द्विदल होते. म्हणून फोडणीत उडीद डाळ नको आणि वर उडदाचा पापडही नको. जिरे आणि हिंग पुरे.

वालाच्या डाळीची आमटी. वाल या भागाचे हक्काचे कडधान्य. शेजारच्या घरांत मोड आणून बिरडे करतात. ज्यांना मोड चालत नाहीत त्यांनी वालाची डाळ घ्यावी. एक वाटी डाळ तासभर भिजवून मऊ शिजवायची. तुपात जिरे, हिंग, हळद, तिखट, त्यात शिजलेली डाळ, तीन-चार आमसुले, लहानसा गुळाचा खडा, वर खोबरे. भाताशी जेवा. ‘तयार दाल’च्या पाकिटात तेल, मीठ आणि कांदा-लसूण जेवढे असते तेवढ्याला ही चव येत नाही, आणि पैसेही कितीतरी कमी लागतात.

सैन्यासाठी तयार जेवण पाकिटात भरायचे तंत्र आपल्याकडे मैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेत विकसित झाले. ही प्रयोगशाळा १९६१ सालची. बर्फात पहारा देणाऱ्या जवानासाठी ते पाकीट वरदानच आहे. पण आपल्या ओट्यापासून वाण्याचे दुकान चार पावलांवर असते. तिथे जाड पोहे, पातळ पोहे आणि वालाची डाळ मिळते. या महिन्याच्या किराण्याच्या यादीत ही तीन नावे वरती लिहा. आणि पोहे निवडायला, खोबरे खवायला घरातल्या पुरुषांना आणि मुलांनाही बसवा. मुसळावर एकटीने कधी पोहे झाले नव्हते. तिथेही दोघी लागत.