लुगड्याचे किती जन्म



परवा गटाच्या बैठकीत एकीनं विचारलं, “ताई, घरात जुन्या साड्यांचं गाठोडं पडलंय. पण द्यायचं कसं? घेणारीला अपमान वाटला तर?” प्रश्न खरा आहे. त्याचं उत्तर शोधायला थोडं मागं जाऊ.

आपल्या आज्यांचं लुगडं सुती, नऊवारी. मधे विरलं की तेवढा भाग काढून टाकायचा आणि चांगले तुकडे दंड घालून जोडायचे. तेही विरलं की त्याची बाळोती, दुपटी व्हायची. नवं कापड तान्ह्या बाळाला टोचतं, म्हणून शेजारणीकडून जुनं लुगडं मुद्दाम मागून आणत. त्यात कुणाला कमीपणा नव्हता. मग थरावर थर घालून, धावदोरा मारून गोधडी. शेवटी पोतेरं आणि दिव्याचा काकडा.

दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली. १९४३ साली सरकारनं सुती कापडावर नियंत्रण आणलं. त्या दिवसांत ही काटकसर फारच कामाला आली.

शहरात हे काम बोहारणीनं केलं. डोक्यावर भांड्यांची पाटी, खांद्यावर कपड्यांचं गाठोडं. मुंबईत यातल्या बऱ्याच जणी गुजरातमधून आलेल्या देवीपूजक समाजातल्या. पातेल्यासाठी तिच्याशी घासाघीस करताना आपण विसरतो की ते कपडे धुऊन, शिवून, इस्त्री करून बाजारात विकण्याची मेहनत तिचीच असते.

पुढे टेरिलीन, पॉलिस्टर आलं. हलकं, लवकर वाळणारं, इस्त्रीची कटकट नाही. बायकांचे कष्ट वाचले, हे मान्यच. पण हे कापड घाम टिपत नाही, पाणी शोषत नाही. त्याचं ना बाळोतं होतं, ना पोतेरं. उकिरड्यावर ते कुजत नाही आणि जाळलं तर वितळून विषारी धूर होतो. कपडे स्वस्त झाले, ढीग वाढले आणि दान म्हणजे घर रिकामं करणं झालं.

त्याचं फळ २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर दिसलं. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून जुने कपडे आले. ज्यांचं सगळं वाहून गेलं, त्यांनाही ते नकोसे झाले. ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. माणसं गरजू होती, पण देताना त्यांचा विचार कुणी केला नव्हता.

दिल्लीच्या अंशू गुप्ता यांनी १९९९ साली ‘गूंज’ संस्था सुरू केली, ती घरातल्या ६७ कपड्यांपासून. त्यांनी वेगळी रीत घातली. गावानं विहीर खणावी, रस्ता नीट करावा आणि त्या कामाचा मोबदला म्हणून कपडे घ्यावेत. जे अंगावर घालण्याजोगं नाही, त्या सुती कापडाचे स्वच्छ पॅड. २०१५ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

म्हणजे कपडा जुना असणं यात अपमान नाही. न धुतलेला, बटणं तुटलेला, न विचारता पुढं टाकलेला कपडा अपमान करतो.

तेव्हा गाठोडं सोडा. घालण्याजोगं धुऊन, टाके घालून, घडी करून ठेवा. घेणारीला विचारा आणि निवडू द्या. सुती फाटकं गोधडीला. पॉलिस्टरच्या पिशव्या शिवा. आणि नवीन साडी घेताना एकदा स्वतःला विचारा, हिचे पुढचे जन्म किती?